वारशाचा दाखला

कापड अंग झाकण्यासाठी असते, असे आपण शाळेच्या पुस्तकात शिकतो. पुढे चार लग्ने पाहिली आणि दोन मयतींना खांदा दिला की उमगते, अंग झाकणे हे कापडाचे अगदीच किरकोळ काम. कापड बोलते. वरमाईची पैठणी मांडवात शिरण्यापूर्वीच घराण्याविषयी दोन वाक्ये बोलून मोकळी होते. एखाद्याच्या खांद्यावरचे घोंगडे तो कोणाचा कोण हे विचारण्याची पाळीच येऊ देत नाही. कापडाच्या या बोलण्यात खरे किती, खोटे किती, आणि खोटे असले तरी त्यात पाप किती, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. दिवाळीच्या दिवसांत, अंगावर नवे कोरे कापड असताना, तो विचारायला हरकत नसावी.

प्रश्नाची सुरुवात मात्र आपल्या घरापासून फार दूर करतो.

दरवर्षी एप्रिलच्या सुमारास न्यूयॉर्क शहरात एक मिरवणूक निघते. गुडघ्यापर्यंतचे घेरदार, चौकड्यांचे किल्ट नेसलेले पुरुष, पिशवीचे वाद्य फुगवणारे वादक, पोरेबाळे, कुत्री. या चौकड्यांना टार्टन म्हणतात, आणि ६ एप्रिल हा अमेरिकेत व कॅनडात 'टार्टन दिन'. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताने तो १९८७ मध्ये जाहीर केला. अमेरिकेच्या सिनेटने १९९८ मध्ये तसा ठराव केला. तारीख निवडली ती १३२० सालची. त्या वर्षी ६ एप्रिलला स्कॉटलंडच्या सरदारांनी, आम्ही इंग्लंडचे ताबेदार नाही, असे पोपला पत्र लिहून कळवले होते. ऑस्ट्रेलियातील लोक हा दिवस १ जुलैला पाळतात. त्याचे कारण पुढे येईल. मिरवणुकीत चालणाऱ्यांपैकी पुष्कळांनी स्कॉटलंड पाहिलेलाही नसतो. पणजोबांच्या आडनावात 'मॅक' होते, एवढ्या भांडवलावर दुकानात जायचे, आडनाव सांगायचे, दुकानदाराने पुस्तक उघडून त्या कुळाची चौकडी दाखवायची, आणि आठ वार कापडाचे किल्ट शिवून घ्यायचे. आठ वार! आपल्या नऊवारीहून एकच वार कमी. पुरुषांच्या वस्त्राला इतके कापड लागते हे ऐकून आमच्या घरच्या मंडळींना त्या लोकांविषयी एकदम आपुलकी वाटली.

आता या कुळपरत्वे चौकड्यांची जन्मकथा. चौकडीचे कापड स्कॉटलंडात जुने आहे यात शंका नाही. फॉल्कर्कजवळ नाण्यांनी भरलेल्या एका मडक्याच्या तोंडाशी सापडलेला चौकडीचा तुकडा तिसऱ्या शतकातला मानतात. ग्लेन अॅफ्रिकच्या दलदलीत मिळालेला तुकडा सोळाव्या शतकातला ठरला आहे. उत्तरेच्या डोंगराळ मुलखातले, हायलँडचे, लोक असे कापड अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा आवळीत. परंतु अमुक चौकडी अमुक कुळाची, ती त्यानेच नेसावी, हा नेम मात्र जुना नव्हे. ज्याच्या भागात जो रंग मिळे आणि जो विणकर असे, त्याच्या हाताची जी चौकडी उतरे, ती तो नेसे. डोंगरातल्या या माणसाला दक्षिणेकडचे शहाणे स्कॉट जंगली म्हणत, चोर म्हणत. १७४६ साली कलोडनच्या माळावर त्यांचे बंड मोडले गेले आणि सरकारने कायदा करून त्यांच्या पुरुषांना हा पोशाखच वर्ज्य केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार. सूट फक्त सैन्यात भरती होणाऱ्याला. म्हणजे स्वतःच्या घरी आजोबाचे कापड नेसलास तर तुरुंग. राजासाठी मरायला निघालास तर तेच कापड सरकारी खर्चाने! हा कायदा उठला तो १ जुलै १७८२ रोजी, आणि ऑस्ट्रेलियाचा टार्टन दिन तो हाच.

छत्तीस वर्षांत एक पिढी मरते, दुसरी विसरते. मग गंमत सुरू झाली. लंडनमध्ये हायलँडप्रेमी धनिकांची एक मंडळी होती. तिने १८१५ साली कुळप्रमुखांना लिहिले की आपापल्या कुळाच्या चौकडीचा नमुना मोहोर करून पाठवावा. काहींना आपली चौकडी कोणती याचा पत्ताच नव्हता! ते बॅनॉकबर्नच्या विल्सन नावाच्या गिरणीवाल्यांकडे वळले. विल्सनांच्या वहीत चौकड्यांना क्रमांक होते; त्यांना भराभर कुळांची नावे लागली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सोहळ्याचा थाट मांडला आणि स्थूलदेही राजाला किल्ट चढवले. उघडे गुडघे बरे दिसणार नाहीत म्हणून आत अंगाच्या रंगाचे चोळणे. दक्षिणेकडचे जे सभ्य गृहस्थ काल या पोशाखाला नाक मुरडत, तेच आज शिंप्याच्या दारात रांग लावून उभे राहिले. पुढे १८४२ मध्ये, आपण पदच्युत राजघराण्याचे नातू आहोत असे सांगणाऱ्या दोन भावांनी कुळांच्या चौकड्यांचे एक भारी पुस्तक छापले, प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे म्हणून. हस्तलिखित बनावट, भाऊही बनावट. पण त्या पुस्तकातल्या कित्येक चौकड्या आज 'प्राचीन' म्हणून मिरवणुकीत चालतात.

ह्यू ट्रेव्हर-रोपर या इंग्रज इतिहासकाराने १९८३ मध्ये हे सगळे पाठ जरा आसुरी आनंदाने उलगडून दाखवले. त्याच्या निबंधातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. मॅकफर्सन कुळाची म्हणून जी चौकडी मान्य झाली, ती त्याआधी विल्सनांच्या दप्तरात 'किड' या नावाने होती. कारण किड नावाच्या एका गृहस्थाने वेस्ट इंडीजमधील आपल्या गुलामांना नेसवण्यासाठी ते कापड घाऊक घेतले होते. त्याही आधी ती नुसती क्रमांक १५५ होती. एकच कापड: क्रमांक, मग गुलामाचे अंग, मग कुळाचा अभिमान.

नागपूरच्या माणसाला या कथेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या शहराचा एका स्कॉट माणसाशी जवळचा संबंध आहे, आणि तो विसरण्याजोगा नाही. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजाने किती पिढ्यांना पदव्या दिल्या! १८८३ साली निघालेल्या या कॉलेजला ज्यांचे नाव दिले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरास आले. धर्मप्रसाराचे त्यांचे काम ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे तोलावे. माणूस मात्र विलक्षण जिज्ञासू. नागपूर भागातले दगड, जीवाश्म, खनिजे त्यांनी तपासली; एका खनिजाला त्यांच्यावरून हिस्लॉपाइट नाव पडले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. हिस्लॉप जन्मले दक्षिण स्कॉटलंडातल्या डन्स गावी. म्हणजे चौकड्यांच्या मुलखाचे ते नव्हतेच. आज त्यांचा कोणी वंशज किल्ट नेसून न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत चालला, तर ज्यांना डन्सकडच्या लोकांनी कधी काळी जंगली म्हटले, त्यांचाच पोशाख तो नेसलेला असेल.

हिस्लॉपांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्यांत गोंडांच्या लिंगोचे गीत आहे, एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेले. ज्या शहरात बसून ते छापले गेले, ते शहर देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, सुमारे १७०२ मध्ये वसवलेले. जुम्मा तलाव त्याच्या मुलाच्या काळचा. पुढे रघूजी भोसले आले. गोंड राजा नावापुरता गादीवर राहिला. त्या गोंडांकडे मी पुन्हा येईन.

तत्पूर्वी मूळ प्रश्न. परंपरा अलीकडची ठरली म्हणजे ती खोटी ठरली काय? ट्रेव्हर-रोपरचा निबंध वाचून हसणारे पुष्कळ. ते हसू मला थोडे उथळ वाटते. कारण त्याच फुटपट्टीने मोजू लागलो तर आपल्या घरात काय उरेल? सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचे रूप आले १८९३ साली. गुढीपाडव्याची शोभायात्रा, जिच्यात नऊवारी, नथ आणि फेटा घालून मुली मोटारसायकलवर बसतात, ती डोंबिवलीत सुरू झाली विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. आज ती युगानुयुगांची वाटते. आणि वाचक हो, तुमच्या हातात हे जे आहे, ज्यावाचून मराठी घराची दिवाळी पुरी होत नाही असे आपण अभिमानाने सांगतो, त्या दिवाळी अंकाची चाल काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मासिक मनोरंजन'ने पाडली १९०९ मध्ये, आणि ती साहेबांच्या नाताळ अंकांकडे पाहून! चकलीला तरी शंभर वर्षांचा दाखला कोणी मागितला आहे काय?

परंपरा कोणी तरी कधी तरी सुरू केलेलीच असते. ती रुजते तेव्हा माणसांची काही गरज भागवते म्हणून रुजते. आज नागपुरात असे घर क्वचितच, ज्याच्या परिचयातले एखादे पोर न्यू जर्सीला, डॅलसला किंवा पर्थला नाही. तिथली महाराष्ट्र मंडळे ढोलताशांची पथके उभी करतात, शिवलेली नऊवारी मागवतात, तयार फेटे डोक्यावर बसवतात. लंडनचे मंडळ तर १९३२ सालचे. इथले काही लोक यावर नाक मुरडतात: नऊवारी काय चेन लावून नेसायची असते? मला त्या चेनेत वावगे काही दिसत नाही. परक्या देशात वाढणारी दहा वर्षांची मुलगी शाळेत आपले नाव चार वेळा फोडून सांगते. वर्षातून एक दिवस तिला फोड करून सांगावे लागत नाही. तेवढ्यासाठी साडीला चेन लागत असेल तर लागो.

आणि याहून कठीण काळात परंपरा नेणारे मराठी लोकही होऊन गेले. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीच्या कराराने गेली. त्यांच्या वंशजांच्या रोजच्या तोंडी आज बहुधा क्रिओल असते. पण जाखडी नाच त्यांनी टिकवला, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीत आणि तिथल्या जाखडीत फरक पडला असेल, पडणारच. पण हा फरक दाखवून त्यांना कमी मराठी ठरवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला चहा पाजणार नाही.

तेव्हा नवेपणा हा दोष नव्हे. मग मला टोचते काय? स्कॉटलंडची उरलेली अर्धी गोष्ट सांगितल्याशिवाय ते सांगता यायचे नाही.

राजाला किल्ट चढवले जात होते त्याच काळात, त्याच्या आधी आणि नंतरही, हायलँडच्या दऱ्या रिकाम्या होत होत्या. मेंढपाळीत पैसा होता, माणसांत नव्हता. कुळप्रमुख, जे कालपर्यंत आपल्या माणसांचे बापासारखे पालक, ते जमीनदार झाले आणि त्यांनी पिढीजात कुळे उठवून तिथे मेंढ्या घातल्या. सदरलंडमध्ये तर घरांची छपरे जाळली गेली. ग्लेनगॅरीचा प्रमुख अलिस्टर मॅकडोनेल हा या काळाचा खरा नायक म्हणावा की खलनायक, ठरवता येत नाही. चित्रकार रेबर्नने काढलेले त्याचे चित्र प्रसिद्ध आहे: पूर्ण हायलँडी पोशाख, छाती पुढे, हातात बंदूक. १८१५ साली याने 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढली. जुना पोशाख, जुने खेळ, जुनी भाषा जपायची म्हणून. आणि हाच गृहस्थ आपल्या दरीतल्या खऱ्याखुऱ्या हायलँडरांना घराबाहेर काढून तिथे मेंढ्या सोडीत होता. त्या दरीतली माणसे त्याच्या आधीपासून जहाजांत बसून कॅनडास जात होती. ऑन्टारिओ प्रांतात त्यांनी वसवलेल्या परगण्याला नावही दिले ग्लेनगॅरी! तिथे मॅक्सव्हिल गावी १९४८ पासून हायलँडी खेळांचा मोठा मेळा भरतो. त्यात येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या पूर्वजांना ज्या घराण्याने घालवून दिले, त्याच घराण्याच्या नावाची चौकडी ते हौसेने नेसतात.

हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो होतो. यात ढोंग आहे का? नेसणाऱ्याचे तर नाहीच. त्याला आपल्या माणसांची आठवण हवी आहे, आणि हाताशी दुसरे काही उरलेले नाही: दरी गेली, भाषा गेली. स्कॉटलंडच्या ५४ लाख लोकांत गेलिक बोलणारे ७० हजारांच्या आसपास आहेत. उरली ती चौकडी. ढोंग असलेच तर ते त्या सुरेख चित्रातल्या माणसाचे, ज्याला हायलँडचा पोशाख हवा होता आणि हायलँडचा माणूस नको होता.

आणि इथे मी मुकाट्याने नागपुरास परत येतो. आपल्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर वारली चित्र असते. पांढऱ्या रेघांची ती नाचणारी माणसे लग्नपत्रिकेवरही छान दिसतात. प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावर आदिवासी नृत्य असते. मोरपिसे, ढोल, टाळ्या. मोरपिसांचे आपल्याला वावडे नाही. ती लावणारा माणूस सरकारी दारात कागद घेऊन उभा राहिला की मात्र आपला चेहरा बदलतो.

गोवारी म्हणजे पूर्व विदर्भातली गुरे राखणारी जमात. ज्यांचे बालपण नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या खेड्यांत गेले, त्यांच्या डोळ्यांपुढे बलिप्रतिपदेचे गायगोधन अजून असेल: सजवलेली गुरे, शेणाचा गोवर्धन, त्यावरून नेली जाणारी गाय, आणि वाजवत-नाचत दारी येणारे गोवारी. त्यांच्या 'ढाली'ची त्या दिवसांत पूजा होते. ही ढाल लढाईची नव्हे. उंच बांबूवर, कापडाने सजवून मिरवली जाणारी ती त्यांच्या जमातीची निशाणी. वर्षभर ज्यांना कोणी घरात बसा म्हणत नसे, त्यांची त्या दिवशी गावाला गरज असे. आपली दिवाळी ज्यांच्यावाचून अपुरी होती असे ते लोक.

या लोकांचे म्हणणे असे की अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे जे लिहिले आहे ते आम्हीच. गोंड आणि गोवारी या शब्दांत स्वल्पविराम असता तर हा वादच उद्भवला नसता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ही मागणी घेऊन हजारोंच्या संख्येने ते नागपुरात विधानभवनावर आले. हिवाळी अधिवेशन चालू होते. मोर्चा अडवलेला, संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना विशेष मागास प्रवर्गात घातले, जमात म्हणून नव्हे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचा दावा मानला; डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. यादी जशी लिहिली आहे तशीच वाचावी, न्यायालयाने तिच्यात काही मिळवू नये की वजा करू नये, असा त्याचा आशय. नागपूरच्या विणकर कोष्ट्यांचेही असेच झाले. आम्ही हलबा, असे ते सांगत आले, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो दावा नाकारला. कापड विणणाऱ्याच्या अंगावरचे नाव कोणते, याचा निकाल दिल्लीत लागला.

मी कायदेपंडित नाही, आणि निकाल चुकीचा म्हणण्याचा मला अधिकार नाही. शिवाय दुसरी बाजू पोकळ नाही. गडचिरोलीच्या माडिया मुलीसाठी ठेवलेली वैद्यकीय महाविद्यालयातली जागा जर खोट्या दाखल्यावर दुसऱ्याने घेतली, तर ती चोरी आहे, आणि अशा चोऱ्या झाल्या आहेत. आदिवासींनीच त्यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठवला. नावाबरोबर भाकर वाटली जाते तिथे नाव तपासावेच लागते. न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत भाकर वाटत नाहीत, म्हणून तिथे आडनावावर भागते. हा फरक मला मान्य आहे.

मला खटकते ते तपासण्याचे एक रूप. जमातीचा दाखला पडताळताना पूर्वजांची कागदपत्रे तर पाहतातच, शिवाय अर्जदाराला जमातीशी आप्तभाव आहे की नाही तेही पाहतात. तुमचे देव कोणते? लग्नात काय करता? सणाला कोणती गाणी म्हणता? मेलेल्याचे विधी कसे? शहरातल्या वसाहतीत वाढलेला, बापाच्या नोकरीमागे चार गावे फिरलेला मुलगा तिथे गडबडतो. त्याची जमात शतकभर ज्या रीतीभातींसाठी रानटी ठरवली गेली, ज्या टाकून दे म्हणून शाळेने त्याला शिकवले, त्या त्याने आता पाठ म्हणून दाखवायच्या. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की ही आप्तभावाची कसोटी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. काळाबरोबर जमातींचे राहणीमान बदलते. सांगायला इतकी वर्षे लागली.

हीच प्रश्नपत्रिका आपण एकदा सोडवून पाहावी. तुमचे कुलदैवत कोणते, तिथला नेवैद्य काय, लग्नातल्या देवकाचे झाड कोणते, आजीच्या आजीचे नाव काय? कितीजण उत्तीर्ण होतील? मॅक्सव्हिलच्या मेळ्यात किल्ट नेसून आलेल्या गृहस्थांना गेलिकमध्ये चार प्रश्न विचारले तर काय होईल? कोणी विचारीत नाही. एकजण अमेरिकेत बसून दुकानाच्या पुस्तकातून पूर्वज निवडतो आणि जग टाळ्या वाजवते. स्कॉटलंडच्या सरकारी टार्टन नोंदणीत तर २००९ पासून कोणीही ठरलेली फी भरून नवी चौकडी नोंदवू शकतो. तिथल्या शिखांनीही 'सिंह' नावाची चौकडी करून घेतली आहे, आणि मला ते ऐकून मनापासून आनंद झाला. ज्याच्यापाशी पोटापुरते आहे, त्याचा वारसा दागिना होतो. ज्याच्यापाशी नाही, त्याचा वारसा अर्ज होतो, तीन प्रतींत, साक्षांकित.

असेही कोणी म्हणेल की मग दागिना घालणेच सोडावे. तसे मी म्हणणार नाही. डॅलसच्या मुलीने नऊवारी नेसावी. नागपूरच्या घरात वारली चित्र लागावे. फक्त चित्र लावताना वारली माणूस कुठे राहतो, त्याच्या जमिनीचे काय झाले, एवढे मुलाला सांगता आले तर सांगावे. दिवाळीत किल्ला करताना आपण मुलांना मावळ्यांची नावे सांगतोच की. गोंडी भाषा बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख होते आणि ती भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, हेही त्याच बैठकीत सांगून होईल. मूल कंटाळले तर चिवडा पुढे करावा.

झिरो माइलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे, आणि सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलालाही त्या मृतांचे नाव दिले आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. ते नाव वाचण्याइतका वेग कोणी कमी करीत नाही. दिवाळी आटोपून फराळाचे डबे रिकामे होत असतात, अधिवेशनाची रंगरंगोटी शहरात सुरू झालेली असते, तेव्हा २३ नोव्हेंबर उजाडतो. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे स्मारकाशी येतात. काहींच्या हातांत फुले असतात. काहींनी आपली मुलेही बरोबर आणलेली असतात, आणि ती मुले दगडाकडे बोट करून काहीतरी विचारत असतात.